पाच डॉलर कुणाचे

बिटको चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस.
पाटीवरचा 'ल्ला' गेल्या दिवाळीत गळून पडला,
तेव्हापासून मी 'कर सगार'.
ताजनपुरे आधी त्यावर हसले,
मग बसले.

चौतीस वर्षं नोटप्रेसमध्ये, तपासणीत.
ओल्या शाईच्या वासाचे ताव डोळ्यांखालून जायचे,
आकडा सरकला, रेघ फुटली, की बाजूला.
सुटी झाली की गेटवर झडती, खिसे उलटे.
"पैशाच्या कारखान्यातून रोज रिकामा बाहेर आलोय, मॅडम."
तक्रार नव्हती ती.
कुणी आपली उंची सांगावी, तसं सांगितलं.

पिशवीतून एक प्रिंटआउट निघाला.
मेलबर्न. मुलीकडे तीन महिने होते.
कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे एक तिकीट घेतलं,
आकडे टाकले ते प्रेसमधल्या हजेरी नंबराचे.
एक लाख बारा हजार डॉलर.
"बासष्ट लाख होतात," ते पुटपुटले,
खालच्या झेरॉक्सवाल्या पोराला ऐकू जाईल म्हणून.

"तिकडे यावर कर नाही म्हणतात."
तिकडे नाही.
"मग?"
मग तुम्ही राहता जेलरोडला.

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
तीस टक्के सरळ, पहिल्या रुपयापासून.
पेन्शनवाल्याला मिळते ती सूट इथे नाही.
रक्कम पन्नास लाखांवर, म्हणून अधिभार.
दोन्हींच्या बेरजेवर उपकर.
एकवीस लाख आणि वर थोडे.
"आणि तिकिटाचे पाच डॉलर? ते तरी वजा होतील?"
नाही.
"खर्च आहे ना तो."
लॉटरीत खर्च धरत नाहीत, काका. धरतात फक्त मिळकत.

ते कागद ट्यूबलाइटसमोर धरून बसले,
अंगठ्याने कडा चाचपत.
प्रिंटआउटमध्ये कुठला आलाय जलचिन्ह.

मग मला विचारावंच लागलं.
इथून परदेशी लॉटरीला पैसा पाठवायला बंदी आहे,
कार्डाने नाही, बँकेने नाही, कुणाच्या हातून नाही.
म्हणून सांगा,
ते पाच डॉलर कुणाचे होते?

बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली मशीन कुणाचं तरी आधारकार्ड
पुन्हा पुन्हा उजळत होतं.

"नातीचे," ते म्हणाले.
"आठ वर्षांची आहे. रोज शाळेत सोडायचो तिला.
शेवटच्या दिवशी डब्यातून नोट काढून दिली,
म्हणाली, आजोबा, हे तुमचं भाडं."

मी लिहायला घेतलं आणि थांबले.
भाडं लिहू? भेट लिहू? की मजुरी?
पर्यटक व्हिसावर मजुरी चालते का?
कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसवायची
दप्तर धरून चाललेली ती सात मिनिटं?
"मग चालेल ना?"
बहुतेक, मी म्हणाले.
'बहुतेक' हा शब्द विवरणपत्रात कुठेच नाही.

जावई म्हणतोय, पैसा तिकडेच ठेवा,
कोण बघतंय.
हे सांगताना त्यांनी आवाज मुळीच खाली केला नाही.
"त्याला काय माहीत.
माणूस गेटवर हात वर करून उभा राहिला ना,
की झडती घेणाराच खाली बघतो."
आणि विचारलं, अॅडव्हान्स टॅक्सची तारीख कोणती.

उठताना फी विचारली. सांगितली.
पाकिटातून पाचशेच्या नोटा काढल्या,
एकेक उजेडाला लावली.
तिसरी परत ठेवली, दुसरी दिली.
"खोटी आहे?"
"नाही हो. खरीच आहे.
छपाई जरा तिरकी आहे, आमच्याच कुणाचा तरी डोळा लागला असेल.
चालते ती.
पण तुम्हाला नको."

जिन्यावरून पावलं उतरत गेली.
चौकशीच्या फाइलवर मी नाव लिहिलं,
आणि 'स्रोत'समोरची जागा
अजून कोरीच आहे.